झाकण लावलं की बंद पडणारं कार्ड

मी एक नेटवर्क कार्ड. तळहाताएवढी हिरवी पट्टी, तिच्यावर एक चिप आणि चिपवर उष्णता बाहेर टाकणारे ॲल्युमिनियमचे दात. संगणकातली माहिती वायरीतून दुसऱ्या यंत्राकडे भरधाव न्यायची, तिकडची इकडे आणायची, एवढंच माझं काम. 'सालो लेक गावाचे फोटो त्या कार्डानं घालवले' असं मिशिगनच्या या उत्तर टोकाला आता सगळे म्हणतात. कॉफीच्या टेबलावर म्हणतात, चर्चच्या पायऱ्यांवर म्हणतात. माझी बाजू कुणी विचारली नाही. म्हणून न विचारता सांगतोय.

माझ्या जन्मात सांगण्यासारखं काही नाही. कारखान्यात हजारो भावंडांबरोबर झालो आणि तिथून थेट सर्व्हरच्या एका प्रचंड खोलीत कामाला लागलो. तिथे पंख्यांचा असा वारा घोंगावायचा की माणसं कानांत बोळे घालून यायची. माझी घडणच त्या वाऱ्याला धरून झालेली. मला स्वतःचा पंखा नाही, कारण तिथे तो लागतच नव्हता. काही वर्षांनी मी धडधाकट असताना मला उपसून काढलं. मी एकटाच नाही, अख्खी रांग. नवीन आलं की जुनं फेकायचं, ते बिघडलंय का हे बघायचंसुद्धा नाही, ही त्या लोकांची रीत.

मग एका जुन्या मालाच्या विक्रेत्यानं मला उचललं आणि जाहिरातीत लिहिलं, 'तपासलेलं, चालू स्थितीत.' खोटं काही नव्हतं. फक्त 'याला सतत वारा लागतो' एवढं वाक्य लिहायचं त्यानं टाळलं. लिहायला काय जात होतं त्याचं? विक्री गेली असती, हेच ना!

मला विकत घेतलं अर्व्हिड कोस्केलानं. 'सालो लेक सेंटिनल' या वर्तमानपत्राचा छायाचित्रकार. माणूस सरळ, पण हट्टी. सगळं आयुष्य छापखान्याच्या वरच्या मजल्यावर गेलं, त्यामुळे घरात त्याला घरघर सहन होत नसे. संगणक त्यानं स्वतः जोडलेला. त्यातले पंखे एक ठेवून बाकीचे काढून टाकलेले, डब्याला आतून स्पंज चिकटवलेला. "कान लावून ऐक," तो पाहुण्यांना सांगायचा, "काही ऐकू येतं?" नाही ऐकू यायचं. ती शांतता त्याच्या कौतुकाची होती. माझ्यासाठी ती बंद खोली होती.

मला घ्यायचं कारण असं. त्या मार्चमध्ये सेंटिनल बंद पडलं. बंद पडलं म्हणणं चूक, बंद पाडलं. दूरच्या शहरातल्या कुणा पैसेवाल्यांनी ते विकत घेतलं, माणसं काढली, इमारत विकली, वेबसाइट पुसली. फिल्मच्या निगेटिव्ह आधीच्याच मालकानं कचऱ्याच्या मोठ्या पेटीत ओतल्या होत्या. उरलं होतं एकच, ऑफिसातली हार्ड डिस्कनी भरलेली साठवणीची पेटी. तिच्यात गावाचे चाळीस वर्षांचे फोटो होते, जुने स्कॅन करून घातलेले. खरेदीदारांचा माणूस शुक्रवारी दुपारी येऊन ती नेणार आणि कोरी करून विकणार होता. जाता जाता संपादकानं एकच भलेपणा केला. सोमवारी सकाळी ती पेटी अर्व्हिडच्या मोटारीत ठेवली आणि म्हणाला, "मी काही पाहिलं नाही. शुक्रवारी मात्र परत हवी."

सोमवारी मर्ना टेर्वो पण आली. सेंटिनलची वार्ताहर, अर्व्हिडची तीस वर्षांची भांडणाची जोडीदार. येताना वेलचीचा पाव घेऊन आली आणि दारातच सुरू झाली.

"जुन्या वायरीनं नाही का जात, म्हाताऱ्या?"

"जातं की. संगणकाला जुन्या वायरीचं साधं भोक आहेच. पण चार दिवस लागतील. तोवर मी म्हातारा होईन."

"तू झालायस."

"हे नवीन कार्ड बघ. उद्या नाश्त्याला बसू तोवर सगळं आलेलं असेल."

मला वायर जोडली, पेटी जोडली, नक्कल सुरू झाली. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. फोटो माझ्यातून असे निघाले की अर्व्हिड टेबलावर थाप मारून हसला. मग त्यानं डब्याचं झाकण लावलं आणि दोघं कॉफी प्यायला गेली. झाकणाआड हवा साचली. माझे दात तापले, चिप तापली. थोड्या वेळानं मी वायर सोडली, म्हणजे जोडणी तोडली. मुद्दाम नाही. तापलेला माणूस बोलता बोलता बरळतो, तसं माझं झालं.

त्यांनी येऊन पाहिलं तर नक्कल थांबलेली. अर्व्हिडनं झाकण काढलं, वायर हलवली. तेवढ्यात मला वारा लागला आणि मी पुन्हा सुरू.

"वायर सैल होती," तो म्हणाला आणि झाकण लावलं.

बाकीचा आठवडा याच एका चुकीचा. झाकण काढून तपासायचं, चाललं की खूश व्हायचं, झाकण लावायचं, निघून जायचं. मंगळवारी वायर बदलली. मग दुसऱ्या खाचेत बसवलं. बुधवारी मला चालवणारा प्रोग्राम काढून पुन्हा घातला, त्याची जुनी आवृत्ती शोधली, तीही घातली. दर खेपेला उघड्या डब्यात छोटी चाचणी घेतली आणि दर खेपेला मी पास झालो. विक्रेत्याला लिहिलं तर उत्तर आलं, 'कृपया संगणक बंद करून पुन्हा सुरू करा.' मर्नानं ते मोठ्यानं वाचलं.

"याला म्हणावं, तू आधी स्वतःला बंद करून सुरू कर."

"मर्ना, मला विचार करू दे."

"तू सोमवारपासून विचारच करतोयस! ते साधं भोक चार दिवसांत नेणार होतं ना? मग आज निम्मं आलं नसतं का?"

अर्व्हिडनं वायर काढून पुन्हा खोचली. त्याचे कान लाल झाले होते. आता मागे फिरायचं म्हणजे सोमवारीच चुकलो हे कबूल करायचं, आणि ते मर्नासमोर. माणसांचं हे मी सर्व्हरच्या खोलीतही पाहिलंय. रस्ता चुकला हे कळतं, पण गाडी वळवायला जीव जातो.

गुरुवारी सकाळी मी पुन्हा वायर सोडली तेव्हा झाकण मर्नानंच काढलं आणि मला धरून ओढायला गेली. "आई गं!" करून तिनं बोट तोंडात घातलं.

"काय झालं?"

"भाजलं! अरे, तुझ्या सॉनातला तापलेला दगड बरा. हे कार्ड शिजलंय, अर्व्हिड. तू याला डब्यात कोंडून शिजवलंयस."

त्यानंही मला बोट लावून पाहिलं. मग पळत जाऊन तळघरातला टेबलफॅन आणला आणि माझ्यावर सोडला. त्या आठवड्यातला माझा पहिला खरा वारा. पण चार दिवस तापून थंड होऊन माझ्या आतला कुठला तरी सांधा तुटला होता. मी धडपडत सुरू झालो, थोडा चाललो आणि गेलो. त्यानंतर माझा हिरवा दिवा लागलाच नाही.

जे अर्धवट आलं होतं तेही तुटकं निघालं. फोटो उघडले की वर कपाळ आणि खाली राखाडी पट्टा.

दुपारी वायर त्या साध्या भोकात गेली. जे सोमवारी करायचं ते गुरुवारी. आता चौथा हिस्सासुद्धा जेमतेम येणार होता. कुठला?

"विहिरी," मर्ना म्हणाली. गावाजवळच्या खाणीच्या गाळाचं पाणी विहिरींत उतरलं होतं. त्याच्या बातम्या तिनं दिल्या, फोटो अर्व्हिडनं काढले, सगळ्या सुनावण्यांचे. खाणवाले आजही म्हणतात की असं काही झालंच नाही.

"विहिरी नकोत. हॉकीचे सामने, लग्नं, शाळेतली मुलं. लोक माझ्याकडे येतात ते आजोबांचा चेहरा मागायला, तुझी विहीर मागायला नाही."

"त्या विहिरीचं पाणी पिऊनच गेले ते आजोबा!"

"ओरडू नकोस."

"ओरडणार! चेहरे गेले तर दुःख होईल, अर्व्हिड. विहिरी गेल्या तर ते खोटारडे खरे ठरतील."

तो खुर्चीत बसला. त्यानं चष्मा काढला, पुसला, घातला, आणि विहिरींचा कप्पा निवडला. त्या कप्प्यावरच शुक्रवार उजाडला. मग त्यानं घाईघाईनं गावाचे फोटो लावले, पण खरेदीदारांचा माणूस वेळेआधी आला. तरुण, नम्र. बूट दाराबाहेर काढून आत आला.

"सॉरी सर, मला फक्त पेटी न्यायला सांगितलंय. आत काय आहे ते मला माहीत नाही."

"माहीत करून घे ना मग!" मर्ना म्हणाली.

त्यानं मान खाली घालून वायर काढली.

मी आता अर्व्हिडच्या टेबलावर पडून असतो, पडद्याशेजारी. मला टाकून द्यायचं त्याच्या जिवावर येतंय, की रोज बघून स्वतःला टोचून घ्यायचंय, मला कळत नाही. लोकहो, एवढंच मागतो. बोट दाखवायचं तर दाखवा, पण ते माझ्यापाशी थांबवू नका. मी चार दिवस वायर सोडत होतो. गाव पुसून टाकायचा हुकूम ज्यांनी दिला, त्यांनी सालो लेक नकाशावरसुद्धा पाहिलेलं नाही. त्यांची नावं विचारा. ओरडून विचारा.

काल गावातली इर्या लाहती आली होती. तिचे वडील वारले. शवपेटीजवळ ठेवायला तिला त्यांचा फोटो हवा होता. "हिवाळी जत्रेतला, मिस्टर कोस्केला. ते हसतायत तो. तुम्हीच काढलेला."

"तो नाही राहिला, इर्या."

"दुसरा कुठला? कुठलाही चालेल."

अर्व्हिडनं विहिरींचा कप्पा उघडला. फोटोमागून फोटो सरकवत गेला. एका सुनावणीवर थांबला. समोर खाणीचे अधिकारी ओळीनं बसलेले, सगळ्यांचे चेहरे स्पष्ट. अलीकडे माइकपाशी एक माणूस उभा, कॅमेऱ्याकडे पाठ. हातात गढूळ पाण्याचा ग्लास वर धरलेला.

इर्या पुढे वाकली. पडद्यावरच्या त्या पाठीवर तिनं बोट ठेवलं.

"हा कोट बाबांचा," ती म्हणाली. "कॉलर आईनं शिवून दिली होती."

"चेहरा नाही दिसत गं. तेव्हा मला त्या लोकांचे चेहरे हवे होते."

तिनं बोट समोरच्या ओळीतल्या एकेका चेहऱ्यावरून फिरवलं. मर्ना खिडकीपाशी उभी होती.

"हाच द्या," इर्या म्हणाली. "मोठा करून द्या. ते खाणवालेही येणार आहेत उद्या, फुलं घेऊन."