युसेबियाच्या कमरेची गाठ

फिदेन्सिओ गेल्याची बातमी आली तेव्हा त्याची आई युसेबिया माळावर बटाटे तुडवत होती. रात्रीच्या हिवानं गोठलेले बटाटे सकाळी पायानं तुडवायचे आणि पाणी निघालं की उन्हात वाळत घालायचे, हे त्या दिवसांतलं रोजचं काम. लॉरीतून एक हवालदार उतरला. सरहद्दीवरच्या जंगलात फिदेन्सिओची तुकडी कापली गेली, प्रेत काही मिळालं नाही, असं त्यानं तिच्या नवऱ्याला, मेल्चोरला, सांगितलं. युसेबियानं ते ऐकलं. ती तुडवतच राहिली.

पाचव्या दिवशी रीतीप्रमाणे गाव जमलं. मेलेल्याचे कपडे नदीवर धुवायचे आणि तिथंच जाळायचे, म्हणजे जीव घुटमळत नाही. पोराची टोपी, अंगावर घ्यायचा लोकरीचा पोंचो, पांघरूण, सगळं जाळलं. काडी मेल्चोरनंच लावली. मग निघणाऱ्या जिवाची पावलं दिसावीत म्हणून घरात चुलीची राख पसरून, दार ओढून घेऊन घरची माणसं शेजाऱ्यांकडं झोपायला गेली. सकाळी राखेत पावलं उमटली होती. सगळी उजव्या पायाची.

"निघाला एकदाचा," म्हातारे म्हणाले. "सुटला बिचारा."

"निघाला कसला?" युसेबिया म्हणाली. "बोटं कुणीकडं आहेत बघा की. आत आलाय तो."

पावलं दारापासून तिच्या बिछान्यापर्यंत होती. परतीचं एकही नव्हतं. पण दुःखातल्या आईशी वाद कोण घालणार? बायकांनी राख झाडून टाकली.

एक वस्तू तिनं जाळू दिली नव्हती. फिदेन्सिओ तान्हा असताना त्याला दुपट्यात गुंडाळून वरून बांधायचा लोकरीचा पट्टा. तिनंच विणलेला. पुढच्या काढणीच्या दिवसांत ती गेली. जाण्याआधी नवऱ्याला म्हणाली, "हा माझ्या कमरेला बांधा. सैल नको." मेल्चोरनं बांधला. कुणाला सांगितलं नाही.

त्यानंतर पेरणीच्या सुमारास फिदेन्सिओ लॉरीतून उतरला. सुरुंगानं त्याचं डावं पाऊल नेलं होतं, तिथं रबरी पाऊल होतं. जंगलातल्या नदीकाठच्या लोकांनी त्याला जगवलं होतं, मग इस्पितळात वर्ष गेलं होतं. गावातली दारं एकेक करून लागली. मेल्चोरनं त्याचा हात धरून पाहिला. हात गरम होता.

पोरगा कामाला मागं नव्हता. पडलेला बांध रचला, मेंढ्या राखल्या, डॉक्टरांच्या गोळ्या नेमानं घेतल्या. पण चुलीमागं पाळलेले, दिवसभर चिवचिवणारे गिनीपिग तो आत आला की गप्प व्हायचे. आणि तो रोज विचारायचा, "बाबा, मी आलोय ना?"

"आलायस की."

"मग मला तसं का वाटत नाही?"

युसेबियाची बहीण दोमिंगा भ्यालेल्या माणसांचा हरवलेला जीव हाक मारून परत आणायची. मेल्चोरनं तिला बोलावलं. तिनं पोराचे डोळे पाहिले, तळवे हुंगले.

"दाजी, सरकारनं पोर नेलं अन् टरफल धाडलं. जीव कुठंतरी राहिलाय. त्याचं अंगावरचं जुनं कापड द्या. झटकून हाक मारते."

"कापड नाही. तुम्ही सगळ्यांनी जाळायला लावलं."

"वा! काडी तुम्ही लावायची अन् धूर आमच्या नावाचा."

तिनं त्याच्या अंगावरचा लष्कराचा सदरा काढून हुंगला आणि बाजूला टाकला. "याला कुणाचाच वास नाही."

फिदेन्सिओ कोपऱ्यात मका सोलत होता. तो न विचारताच बोलला. "मावशी, मला इथं आवळल्यासारखं होतं." त्यानं कमरेवर हात ठेवला. "लोकर आहे. गाठ डावीकडं. अन् मातीचा वास येतो."

मेल्चोर डावखुरा होता. गाठ त्यानं डावीकडंच मारली होती. त्यानं दोमिंगाला पट्ट्याचं सांगून टाकलं.

तिनं कोकाची पानं चघळायला तोंडात टाकली. "म्हणजे जंगलात काही नाहीच. पाय तुटला तेव्हा भ्यालेला जीव घरी आला, आईला बिलगला. अन् आपण त्या पट्ट्यानं बांधून दोघांना एकाच खड्ड्यात ठेवलं. पट्टा काढावा लागेल, दाजी."

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर तिघं दफनभूमीत गेले. मेल्चोरनं खांद्यावर कुदळ घेतली होती. फिदेन्सिओ आईच्या क्रुसाशेजारी वाकला आणि त्यानं जमिनीला कान लावला.

"तुडवतेय," तो म्हणाला.

"खोदा, दाजी," दोमिंगा म्हणाली. "ऊन आहे तोवर."

मेल्चोरनं कुदळ उचलली. त्याला हा पोरगा हवा होता. गावानं दारं उघडावीत, पोरानं स्वतःहून भूक लागली म्हणावं, असं त्याला वाटत होतं.

"बाबा," फिदेन्सिओनं विचारलं, "पट्टा काढल्यावर तिच्याजवळ कोण?"

मेल्चोरला चपलेखालून काहीतरी जाणवलं. माती दबत होती, वर येत होती, पुन्हा दबत होती. युसेबिया माळावर बटाटे तुडवायची तशीच ती लय होती, सावकाश, एका पायावरून दुसऱ्या पायावर. लग्नापासून तो ती पाहत आला होता.

त्यानं कुदळ दफनभूमीच्या कुंपणाला टेकवून ठेवली. तिघं घरी आले.

कुदळ अजून तिथंच कुंपणाच्या दगडांना टेकून आहे. फिदेन्सिओ आत आला की गिनीपिग अजून गप्प होतात. पट्टा युसेबियाच्या कमरेला आहे. तो काढायचा राहिलाय, आणि फिदेन्सिओला हाक मारायची राहिली आहे.