सिरिंजमधलं तेल

दादाला जाऊन आठवडा झाला आणि ती प्रयोगशाळेत परत आली. तिथे तिला सगळे बुडबुडी म्हणत, कारण तिचं कामच ते: पाण्यातले, नुसत्या डोळ्यांना न दिसणारे हवेचे बुडबुडे. बुडबुडा जितका बारका, तितका आतल्या हवेवर दाब जास्त. ती हवा पाण्यात विरघळते आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच बुडबुडा नाहीसा होतो, असं गणित सांगतं. तिच्या बाटल्यांतले मात्र महिनोन्‌महिने टिकून होते. अंगावरचा विद्युतभार त्यांना सावरतो, असं तिचं म्हणणं. निबंध फक्त छापायला धाडायचा राहिला होता.

"दाबाची चाचणी तेवढी उरकून टाक," मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या. "नाहीतर घरी जा गं. कुणी काही म्हणणार नाही."

"जमतंय," ती म्हणाली.

पाण्यावर दाब वाढवला की हवा आक्रसते, बुडबुड्यांचे चमकते ठिपके अंधुक व्हायला हवेत. तिने दाब वाढवला. लेझरच्या उजेडात ठिपके होते तस्सेच. शेजारच्या टेबलावरचा लांबू मान वाकवून बघायला आला.

"पंप रुसलाय," तो म्हणाला.

पंप ठणठणीत होता. मग तिने हवा न मिसळलेलं शुद्ध पाणी प्लास्टिकच्या नव्या सिरिंजमधून काढून तपासलं. तेच ठिपके. काचेच्या सिरिंजमधून एकही नाही. दट्ट्या सहज सरकावा म्हणून प्लास्टिकच्या सिरिंजला आतून तेल लावलेलं असतं. इतकी वर्षं ती त्याचेच थेंब मोजत होती.

लांबूचंच तोंड उतरलं. मॅडमनी तिचा खांदा धरला. "रडून घे."

"येत नाही," ती म्हणाली आणि टेबल पुसायला लागली.

संध्याकाळी घरी वहिनीने विचारायचं म्हणून विचारलं, "कसं झालं काम?"

"माझे बुडबुडे बुडबुडे नव्हतेच, वहिनी. तेल होतं."

"तेल?" वहिनी बघतच राहिली. "अगं, यांनी तर सगळ्या गल्लीला सांगून ठेवलंय, आमच्या धाकटीने पाण्यात हवा कोंडली म्हणून!"

आणि वहिनीला हसू फुटलं. पोट धरून हसता हसता ती हमसाहमशी रडायला लागली, दादा गेल्यापासून पहिल्यांदाच. धाकटी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मग उठून तिने दोन ताटं वाढली.

"तूही जेव," वहिनी नाक पुसत म्हणाली.

ती जेवली. चव काही कळली नाही.