सावडीतलं जू

ज्ञानोबाच्या ओसरीत खांबाला टेकून उभं असलेलं हे बाभळीचं लाकूड म्हणजे मी, या घरचं जू. ट्रॅक्टर आले, बैल गेले, म्हणून हल्ली मला बोलायला फुरसत आहे.

सुतारानं मला घडवताना दोन्ही बाजू दोरीनं तीन-तीनदा मोजल्या होत्या. माप चुकलं की एकाच बैलाच्या मानेवर भार येतो, असं तो म्हणायचा. मग मी ज्ञानोबाच्या आणि त्याच्या थोरल्या भावाच्या, किशनरावाच्या, शेतात चालू लागलो.

वाटणीत दोघांना एकेक बैल आला होता. मुरुडजवळच्या आमच्या गावात अशी एक-एक बैलाची दोन घरं सावड करतात. तुझा बैल, माझा बैल, मिळून जोडी. आज तुझं रान, उद्या माझं. ज्याचं रान, त्याच्या घरची भाकर, आणि ती दोघांनी बांधावर बसून एका फडक्यावर खायची. दोघे भाऊ खाताना एकमेकांच्या पुढची मिरची उचलायचे. मी शेजारीच पडलेला असायचो.

त्या सुमारास लातूर नवा जिल्हा झाला. आता कचेऱ्या येणार, नोकऱ्या येणार, सगळं जवळ येणार, असं जो तो बोलायचा. आणि त्याच दिवसांत पावसानं पाठ फिरवली. विहिरींचे तळ दिसू लागले.

मुरुडच्या बाजारात महादेवप्पा नावाचे उदगीरकडचे एक गृहस्थ स्टोव्ह दुरुस्त करीत. ते ख्रिस्ती होते. स्टोव्हला पिन मारता मारता ते देवाच्या राज्याबद्दल बोलायचे. ज्ञानोबाला ते बोलणं आवडलं. मग दर गुरुवारी संध्याकाळी आमच्या ओसरीत प्रार्थना होऊ लागली. सात-आठ माणसं यायची.

एकदा किशनराव दारातूनच म्हणाला, “देवाचं राज्य म्हनं! त्याची कचेरी कुठं हाय, अप्पा? लातुरातच का?”

सगळे हसले. ज्ञानोबा मात्र हसला नाही, कारण त्याच्या मनात तेच होतं. नव्या जिल्ह्यात जो आधी अर्ज देईल त्याचं काम आधी होईल, तसंच इथंही असेल, असं त्याला वाटत होतं. त्यानं सरळ विचारलं, “अप्पा, ख्रिस्ताच्या मागं आलो तर माझ्या हिरीला पानी लागंल का?”

महादेवप्पांनी रॉकेलचे हात पुसले. “न्हाई सांगता येत. काय मिळंल ते मी सांगत न्हाई, काय जाईल ते सांगतो. भाऊ जाईल. गावातला मान जाईल. आनि आपन बरं मानूस हाव, असं जे वाटतं ना, ते बी जाईल. नीट इचार करून ये.”

पुढच्या गुरुवारी ओसरीत ज्ञानोबा आणि त्याची बायको कस्तुराबाई, दोघंच होती. बाकीचे आले नाहीत. ज्ञानोबा का राहिला, हे त्यानं कुणाला सांगितलं नाही. बैलाला पाणी दाखवताना एकदा एवढंच पुटपुटला, “भ्याव गेलं रे माझं.”

पावसासाठी गावानं देवीला बोकड कबूल केला. ख्रिस्ताला मानू लागलेला ज्ञानोबा त्यात आला नाही. किशनरावाला ते फार लागलं, आणि त्याच्या बाजूनं ते खरंही होतं. संकट सगळ्या गावावर होतं. त्यानं दावणीचा आपला बैल सोडला. “सावड मोडली आपली. तुझ्या राज्यातून आन आता बैल!”

खरीप तर करपलंच होतं. परतीच्या पावसानं दोन दिवस बरी ओल दिली. आता रब्बीची ज्वारी पेरली तरच घरात वर्षाची भाकर होती, आणि रानातला वाफसा, पेरणीजोगी ओल, फार तर पाच दिवस टिकणार होता. ज्ञानोबा एका बैलासाठी पाच घरी गेला. कुणाचा बैल लंगडत होता, कुणाचा पाहुण्यांकडे गेला होता.

तिसऱ्या दिवशी नरसिंग आला. त्याचं घर बौद्ध. गावाच्या पलीकडच्या अंगाला तीन एकर रान, आणि बैल एकच.

“ज्ञानोबाभाऊ, जोडी तुम्हालाबी न्हाई, मलाबी न्हाई. सावड करता का?”

ज्ञानोबानं मला खांद्यावर घेतलं. नरसिंगचा बैल जरा ठेंगणा होता. पण दोन तासांत दोन्ही बैल एका पावलानं चालू लागले. कस्तुराबाई चाड्यावर मूठ धरून बी सोडत होती. दुपारपर्यंत निम्मं रान पेरून झालं.

मग भाकरीची वेळ झाली.

ज्ञानोबानं फडकं सोडलं. दोन भाकरी पळसाच्या पानावर ठेवल्या आणि पान नरसिंगपुढे सरकवलं, हातभर लांब. नरसिंगनं पाणी मागितलं, तेव्हा ज्ञानोबानं तांब्या दिला नाही. उंच धरून ओंजळीत धार सोडायला उचलला. त्यानं हे मुद्दाम केलं नव्हतं. त्याच्या बापाचा हात असाच वर जायचा.

नरसिंगनं ओंजळ धरली नाही.

“भाऊ, बैलांच्या माना एका लाकडाखाली चालतात. माझ्या हातात तांब्या चालत न्हाई? गुरुवारी ओसरीत मंग काय शिकलात?”

त्यानं माझी शिवळ, बैलाच्या मानेजवळची खुंटी, काढली, बैल सोडला आणि तो निघून गेला. भाकरी पानावर तशाच राहिल्या.

ज्ञानोबानं तांब्या खाली ठेवला. “भाऊ गेला तवा वाटलं, जायचं ते समदं गेलं,” तो म्हणाला. “हे तर आत तसंच हाय.”

कस्तुराबाई फटकन म्हणाली, “मला काय सांगता? ज्याला सांगायचं त्याला सांगा. वाफसा काय तुमच्यासाठी थांबनार हाय?”

ज्ञानोबानं मला पुन्हा खांद्यावर घेतलं. वाट पारावरून होती. किशनराव तिथं चार माणसांत बसला होता. ज्ञानोबा त्याच्यासमोरून गेला, थांबला नाही.

नरसिंगच्या दारात त्यानं मला खाली ठेवलं. “नरसिंगा, चुकलो.”

नरसिंग म्हणाला, “मी तुमच्या प्रार्थनेला येनार न्हाई. आमचा रस्ता आम्हाला घावलाय.”

“ये म्हनाया आलो न्हाई. चुकलो म्हनाया आलो. सकाळपासून उपाशी हाव. तुझ्या घरची भाकर देतो का?”

आतून नरसिंगची आई नागुबाई ताटली आणि तांब्या घेऊन आली. ज्ञानोबानं तांब्या तोंडाला लावला. भाकरीचा तुकडा ठेच्यात बुडवला.

“जपून रे बाबा,” नागुबाई म्हणाली. “बाटशील का न्हाई ते मला ठाव न्हाई, तोंड मातर पोळंल.”

ज्ञानोबाला ठसका लागला. डोळ्यांतून पाणी आलं, नाकातून आलं, आणि मग तो हसायला लागला. नरसिंगनं ओठ दाबून धरले, पण त्यालाही हसू आवरलं नाही. पारावर हे कळायला एक घटका पुरे होती. ते ज्ञानोबालाही ठाऊक होतं, तरी त्यानं दुसरी भाकर मागितली.

रान दिवस मावळायच्या आत पेरून झालं. दुसऱ्या दिवशी नरसिंगचं. तिथं भाकर नागुबाईनं आणली. फडकं एकच होतं, आणि ज्ञानोबानं नरसिंगच्या पुढची मिरची उचलली.

दोन्ही रानांत ज्वारी बेताची आली, पण भाकरीपुरती आली. विहिरीला पाणी लागलं नाही. किशनराव पुन्हा सावडीला आला नाही. पोरीच्या लग्नाचं बोलावणंसुद्धा त्यानं धाडलं नाही. कस्तुराबाई त्या दिवशी खूप रडली. ज्ञानोबानं तिला समजावलं नाही, जवळ बसून राहिला. नरसिंगबरोबरची सावड मात्र अठरा वर्षं चालली, बैल थकेपर्यंत.

आता मला वाळवी लागते आहे. मला जळणात घालायचं ठरलं तर माझी हरकत नाही. मला जे ओढायचं होतं ते ओढून झालं. नरसिंगचं रान पेरून झालं त्या दिवशी दोन्ही रानांच्या मधल्या वाटेनं ज्ञानोबा मला घेऊन घरी आला, तेव्हा नरसिंगनं माझं दुसरं टोक धरलं होतं. ज्ञानोबा म्हणाला, “सोड की, मी नेतो.” नरसिंग म्हणाला, “ऱ्हाऊ द्या.” माझं वजन त्या दिवशी कुणालाच जाणवलं नाही.