त्यांच्या म्हणजे कुणाच्या

हवालदाराने तेच वाक्य तिसऱ्यांदा वाचले, तेव्हा मोठ्या बाईंनी समोरची फाइल मिटली आणि तिच्यावर हात ठेवला.

"'प्रतिवादी यांनी त्यांच्या राहत्या घरी, अथवा त्या घरापासून शंभर मीटरच्या आत, येऊ नये,'" टेबलावरच्या फोनमधून आवाज आला. "आता तुम्हीच सांगा मॅडम, त्यांच्या म्हणजे कुणाच्या?"

धाकटीने मोठ्या बाईंकडे पाहिले नाही. ती फोनवर वाकून म्हणाली,

"अर्जदाराच्या. अर्ज तिनं केलाय, घर तिचं आहे. दुसरं कुणाचं असणार?"

"तसं इथे लिहिलेलं नाही ना. सर म्हणतात, त्यांच्या म्हणजे त्यांच्या स्वतःच्या. कोर्टानं त्यांना स्वतःच्याच घरी जायला मनाई केलीय, म्हणून ते इथे येऊन बसलेत. जिन्यावर. आरडाओरडा नाही, शिवीगाळ नाही. मी त्यांना कशाखाली उचलू?"

"सर कोण?"

"हेच, प्रतिवादी. माझ्या मुलाला शिकवलंय त्यांनी. भाषा शिकवतात."

फोन बंद झाल्यावर खोलीत पंख्याची घरघर तेवढी उरली. त्या वकिली कचेरीत मसुदे लिहिणाऱ्या दोघीच. मोठ्या बाईंनी पंचवीस वर्षे इथे बसून इतरांसाठी अर्ज, करार, नोटिसा लिहिल्या होत्या. कोर्टात उभे राहायचे म्हटले की त्यांच्या तोंडाला कोरड पडे, म्हणून त्या कधी गेल्याच नाहीत. धाकटी चार वर्षांपूर्वी आली. ती लिहीही आणि कोर्टात जाऊन भांडेही. दोघींचे सूत तसे जुळलेले, पण शब्दांवरून रोज खटका उडायचा. धाकटीला 'सदर' खपत नसे. "आपल्या मसुद्यात माणसांपेक्षा सदरच जास्त आहेत," ती म्हणायची. बाईंना 'च्या माध्यमातून' दिसले की कपाळावर आठी पडायची. चहा येईपर्यंत वाद, चहा आला की तह.

नऊ दिवसांपूर्वीचा वादही त्यातलाच. धाकटीने लिहिले होते: प्रतिवादी याने अर्जदार हिच्या राहत्या घरी येऊ नये. बाईंनी 'याने'चे 'यांनी' केले आणि 'अर्जदार हिच्या' खोडून वर 'त्यांच्या' लिहिले.

"एका परिच्छेदात सहा वेळा अर्जदार? वाचणाऱ्याला ठसका लागेल. आणि हिच्या, तिच्या काय गं? शिकलेली, नोकरी करणारी बाई आहे. आपल्या कागदात तरी तिला मान नको का?"

"बाई, 'त्यांच्या'त कुणीही मावतं. उद्या तो म्हणेल, माझ्याच घराबद्दल आहे."

"कसं म्हणेल? स्वतःचं घर असतं तर 'आपल्या' आलं असतं. हे शाळेतल्या पोराला कळतं."

धाकटीने खांदे उडवले होते. चहा आला होता. आणि त्याच दिवशी न्यायाधीशांनी मसुद्यातले वाक्य जसेच्या तसे आदेशात उतरवले होते.

"आता काय करायचं?" मोठ्या बाईंनी विचारले. आवाज आपला नाही असे त्यांना वाटले.

धाकटी उठून काळा कोट घालत होती. "दुरुस्तीचा अर्ज. दोन ओळींचा. न्यायाधीश पाचपर्यंत बसतात. आत्ता साडेतीन." ती क्षणभर थांबली. "बाई, तिची मुलगी शाळेतून साडेचारच्या बसनं घरी येते. आई आत कडी लावून बसलीय. ती खाली उतरू शकत नाही."

बाईंनी कोरा कागद ओढला. मसुद्यातील 'त्यांच्या' हा शब्द माझा असून त्याचा अर्थ 'अर्जदार हिच्या' असाच आहे, एवढे लिहून खाली सही केली. कागद धाकटीच्या हातात देत त्या म्हणाल्या,

"मुलीकडे मी जाते."

"तुम्ही?"

"तुझ्याइतकं चांगलं मला कोर्टात बोलता येत नाही. बसथांब्यावर उभं राहता येतं."

त्या रिक्षात बसल्या. गुडघ्यांवर पर्स ठेवून त्यांनी ती दोन्ही हातांनी दाबून धरली. अर्जासोबत जोडलेले वैद्यकीय कागद त्यांनीच क्रमाने लावले होते. डाव्या मनगटाचे हाड. कानाच्या मागची जखम. त्या कागदांत एके ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घाची चूक होती आणि त्या दिवशी त्यांचे लक्ष आधी तिकडे गेले होते, हे आता त्यांना आठवले. रिक्षावाल्याने दोनदा विचारले, "मावशी, बरं वाटत नाही का?" त्यांनी मान हलवली, हो की नाही, ते त्यांनाही कळले नाही.

चार मजल्यांची इमारत, कोपऱ्यावर बसथांबा, फाटकाशी मोटारसायकल लावून उभा असलेला हवालदार. बाईंनी वर पाहिले. दुसऱ्या मजल्यावरची खिडकी बंद होती. पडद्याची कड किंचित हलली.

चार पंचवीसला जिन्यातून एक माणूस खाली आला. इस्त्रीचा फिका शर्ट, खिशाला दोन पेने, हातात घडी घातलेला कागद. त्याने हवालदाराला मान लवून नमस्कार केला, सरळ थांब्यापाशी आला आणि बाईंपासून दोन हातांवर उभा राहिला.

"बसची वाट बघताय?" त्याने विचारले.

बाईंनी रस्त्याच्या वळणाकडे पाहिले.

"तुम्ही वकिलांकडच्या ना? तुम्ही रिक्षातून उतरलात, तेव्हा हवालदारांनी फोनवर 'तुमच्या बाई पोचल्या' म्हणून कळवलं, ते जिन्यात ऐकू आलं. हा मसुदा तुमचा?"

त्याने कागद उलगडला. जागोजाग पेन्सिलीच्या बारीक खुणा होत्या. एका ठिकाणी गाळलेला अनुस्वार नीट दिलेला होता.

"भाषा चांगली आहे," तो म्हणाला. "हल्ली असं कुणी लिहीत नाही. व्याकरणानं तुम्ही बरोबरच आहात. माझं घर असतं तर 'आपल्या' हवं होतं. मी पाहिलं तेव्हाच ओळखलं." तो हसला. "पण पोलिसांना व्याकरण कुठे येतं?"

आयुष्यभर ज्या नियमाचा बाईंनी लोकांपुढे हेका धरला होता, तो या माणसाच्या तोंडून त्यांना जसाच्या तसा ऐकू आला होता, आणि तो बरोबर होता. त्यांनी पर्सचा बंद मनगटाला गुंडाळला. एक वेढा. आणखी एक.

"तुम्ही इथून जा," त्या म्हणाल्या. म्हणायचे होते मोठ्याने, निघाले पुटपुटल्यासारखे.

"जाऊ कुठे? तुम्हीच तर घरी जायला बंदी केलीत."

बस आली. दार उघडले, दोन मुलगे धडपडत उतरले, मागून एक नऊ-दहा वर्षांची मुलगी. शेवटच्या पायरीवर तिने बापाला पाहिले. तिचा पाय हवेत तसाच राहिला. बसमधल्या मदतनीस बाईने "उतर गं" म्हणत तिला पुढे केले.

"दप्तर दे इकडे," तो म्हणाला. "जड असेल."

बाईंना पुढे नीट आठवत नव्हते की त्या दोघांच्या मध्ये आपण केव्हा शिरलो. त्यांनी मुलीचा हात धरला होता, आणि तो हात इतका गार होता, की आपला आहे की तिचा हे कळत नव्हते.

"ही माझ्याबरोबर आहे," त्या म्हणाल्या.

"आपण कोण हिच्या?"

ते अगदी शांतपणे विचारले होते. त्याने एक पाऊल पुढे टाकले. बाई मुलीला घेऊन एक पाऊल मागे सरल्या. पाठ थांब्याच्या खांबाला टेकली. हवालदार मोटारसायकलवरून उतरला, पण तिथेच उभा राहिला.

"सर," तो अवघडून म्हणाला, "जरा दमानं घ्या."

"मी काय केलंय? मुलीला दप्तर मागितलं."

बाईंच्या पर्समध्ये फोन वाजत होता. एका हाताने त्यांना पर्स उघडता येईना. मुलीचा हात सोडायला त्या तयार नव्हत्या. शेवटी मुलीनेच पर्सची चेन ओढली, फोन काढून त्यांच्या कानाला लावला.

"सही झाली," धाकटी धापा टाकत होती. "हवालदाराच्या फोनवर फोटो पाठवलाय. बाई, ऐकताय ना? बाई?"

हवालदाराने फोन डोळ्यांपासून लांब धरून, अडखळत, मोठ्याने वाचले: "प्रतिवादी यांनी अर्जदार हिच्या राहत्या घरी..." मग त्याचा आवाज बदलला. "सर, आता निघा. आता मला उचलावं लागेल."

"बघू."

त्याने फोन हातात घेतला आणि वाक्य मनाशी वाचले. शेवटच्या शब्दापर्यंत. फोन परत केला, कागदाची घडी घातली, खिशात ठेवली.

"आता संदिग्ध नाही," तो बाईंना म्हणाला आणि चालू लागला.

दुसऱ्या मजल्यावरच्या दाराच्या एकामागून एक तीन कड्या निघाल्या. मुलीच्या आईने आधी लेकीला चाचपून पाहिले, दंड, खांदे, मान, आणि मग बाईंना आत घेतले. ती दातांच्या दवाखान्यात मदतनीस होती; कामाचा कोटही अजून अंगावरच होता. दोन खोल्या, एक टेबल, तीन खुर्च्या. तिने पाणी आणले. बाईंनी पेला टेबलावर ठेवला.

"चूक माझी होती," बाई म्हणाल्या. "तो शब्द मी बदलला. तुम्हाला मान द्यावा म्हणून."

आईने त्यांच्याकडे पाहिले. रागाने नव्हे, दमून.

"मला 'हिच्या' चालेल हो," ती म्हणाली. "फक्त कडी लावून झोपायला नको."

मुलगी खिडकीशी गेली होती. पडदा बोटभर सरकवून ती म्हणाली,

"बाबा औषधाच्या दुकानापाशी आहेत."

आई उठली. बाईही उठल्या. रस्त्याच्या पलीकडे, पार टोकाला, दुकानाच्या पायरीवर फिका शर्ट दिसत होता. तो वर बघत नव्हता. नुसता उभा होता.

"हवालदारांना सांगू या," बाई म्हणाल्या.

"ते दुकान शंभर मीटरच्या बाहेर आहे," मुलगी म्हणाली. "मी मोजलंय. पावलांनी. आज थांब्यावर आले, नाहीतर ते रोज तिथेच असतात, बस आली की."

"रोज?" आईचा आवाज चिरकला. "नऊ दिवस? अगं, मला बोलली का नाहीस?"

मुलीने पडदा सोडला.

बाई खुर्चीवर बसल्या. मुलीविषयीचा वेगळा अर्ज पुढच्या महिन्यात सुनावणीला होता; शाळेचा रस्ता, बस, थांबा, यांतले आजच्या आदेशात काहीच नव्हते. त्या अर्जात मुलीचे म्हणणे म्हणून चार ओळी होत्या, बाईंनीच लिहिलेल्या, एकही काना-मात्रा न चुकलेल्या. मुलीला त्यांनी काही विचारले नव्हते.

त्यांनी पर्समधून वही काढली. आईकडे पाहिले. आईने मान डोलावली.

"पहिल्या दिवशी काय झालं ते मला सांगशील? हळूहळू सांग. मी लिहून घेते."

मुलगी टेबलापाशी येऊन उभी राहिली. शाळेत फळ्यापुढे उभे राहतात, तशी.

"त्या दिवशी पाऊस नव्हता. मी बसमधून उतरली आणि..."

बाईंचे पेन थांबले. थांबायचे त्यांनी ठरवले नव्हते. हाताला सवयच होती. तेवढ्यात मुलीची नजर पेनवर गेली. तिचे ओठ मिटले. दोन्ही हात तिने चटकन पाठीमागे नेले आणि एका हाताने दुसऱ्याची बोटे झाकून घेतली.

"उतरले," ती घाईघाईने म्हणाली. "चुकलं. उतरले. मी उतरले."

आईने तोंड भिंतीकडे फिरवले.

बाई त्या लपवलेल्या हातांकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी वहीवर वाकून लिहिले, सावकाश, आणि वही उलट फिरवून मुलीच्या पुढे सरकवली.

"वाच बरं."

मुलीने मान न उचलता वाचले. 'मी बसमधून उतरली आणि'. ती ओळ तिने पुन्हा एकदा वाचली.

"तू म्हणालीस तसंच आहे ना?"

"हो."

"मग पुढे सांग."

मुलीने आधी बाईंच्या तोंडाकडे पाहिले, मग पेनकडे. ते टेबलावर आडवे पडले होते, तिच्याच बाजूला.

"आणि मी खूप घाबरली," ती म्हणाली.