वाजलं म्हणजे गेलं

“बंदच करून ठेवलंय, तुमचा खोळंबा नको,” म्हाताऱ्याचा मुलगा म्हणाला आणि ऑक्सिजनचं यंत्र त्यानं पायानंच पुढे सरकवलं.

तारा तपासायचं मीटर हाती घेऊन दवाखान्यांची यंत्रं दुरुस्त करण्यात हयात गेलेल्या त्या बाईला सगळे मीटरबाई म्हणत. तिनं यंत्राकडे पाहिलं, मग खाटेकडे. म्हातारा तोंड उघडं टाकून श्वास ओढत होता. नाकातली नळी काढून उशाशी टाकलेली होती.

“आणि यांना?”

“दहा मिनिटांनी काय होतंय? खाली गिऱ्हाईक गाडीत बसलंय. तुम्ही तपासून यंत्र चांगलं म्हणालात, तर आत्ताच घेऊन जाईल.”

“डॉक्टर म्हणालेत, आता फार दिवस नाहीत,” म्हाताऱ्याची मुलगी मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाली. “नंतर गिऱ्हाईक कुठे शोधत बसायचं? बाबांना कळतंय कुठे काही! जन्मभर रेडिओ दुरुस्त केले आणि मागे ठेवलं काय, तर डबाभर स्क्रू!”

मीटरबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण भांडत बसलं असतं तर म्हाताऱ्याचाच जीव गेला असता. तिनं भराभर झाकण उघडलं. जाळीवर बोटभर धूळ, धुळीत मेलेली झुरळं, पाण्याच्या बाटलीत हिरवट, बुळबुळीत थर. बाप हीच हवा नाकानं ओढत होता. घाण तिनं जन्मभर उपसली होती, पण अशी कधी पाहिली नव्हती. या दोघांच्या हातचं पाणीसुद्धा तिच्या घशाखाली उतरलं नसतं.

हवेची झडप उघडमीट करणारी कॉइल धड असली, की यंत्र धड. तिची तार शाबूत असेल तर मीटर ‘टीं’ वाजतं, तुटली असेल तर गप्प बसतं. मीटरबाईनं दोन्ही टोकांना मीटर लावलं.

टीं! अगदी खणखणीत.

मुलगा दचकला. “वाजलं! म्हणजे गेलं का हो?”

चांगल्या वस्तूला तिनं आजवर कधी वाईट म्हटलं नव्हतं. तिचा शब्द म्हणजे शब्द, हीच तिची सगळी पुंजी. खाटेवरून घरघर ऐकू येत होती.

“हो,” ती म्हणाली. “वाजलं म्हणजे गेलं.”

“अहो, पण सकाळपर्यंत चालत होतं की!”

“जागेवर आहे तोवर चालेल. कॉइल जळत आलीये, हलवलंत की संपली. दुसऱ्याच्या घरी बंद पडलं आणि माणूस दगावला, तर पोलीस तुमचंच दार वाजवतील.”

“तरी मी म्हणत होते, मागेच विकून टाक!” मुलगी भावावर फणकारली. गिऱ्हाइकाला वाटेला लावायला दोघं तणतणत जिना उतरले.

मीटरबाईनं जाळी झटकून बसवली, ती बाटली बाजूला काढली, नळी पुसून म्हाताऱ्याच्या नाकाला लावली आणि यंत्र सुरू केलं. हळूहळू त्याच्या ओठांचा काळपटपणा ओसरला. डोळे उघडले आणि थेट मीटरवर येऊन थांबले.

“छान वाजलं,” तो पुटपुटला.

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्याला सगळं कळत होतं, त्याच्यासमोर ती खोटं बोलली होती. आणि त्यानं आधीचंही सगळं ऐकलं होतं.

म्हाताऱ्यानं हात पुढे केला. तिनं मीटर दिलं. त्यानं मीटरची दोन टोकं चिमटीत धरली आणि एकमेकांना टेकवली. काम हाती घेण्याआधी रेडिओवाले आपलं मीटर असंच तपासून घेतात; वाजलं म्हणजे मीटर खरं.

टीं.

“आता आणखी काय गेलं?” जिन्यातून मुलगा ओरडला.

मीटरबाईनं मीटर म्हाताऱ्याच्या हातातच राहू दिलं.