फळीवरची जागा

घरात टिकटिक नसली की माझ्या साडूंना बसवत नाही. बसले तरी गुडघा हलत राहतो, आणि गुडघ्याबरोबर टीपॉयवरचा सगळ्यांचा चहा.

जुन्या घड्याळांचा त्यांचा संग्रह तसा मोठा आहे, पण एक सोडलं तर त्यातलं कुठलंच धड चालत नव्हतं. म्हणूनच तर ती लिलावात स्वस्त मिळाली. ताईंनी, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीनं, हळूहळू सगळी माळ्यावर हद्दपार केली. दिवाणखान्यात, फायरप्लेसच्या वरच्या फळीवर, एकच चालतं घड्याळ राहील असा तह झाला होता. गेल्या महिन्यात त्या एकाची स्प्रिंग तुटली आणि जाता जाता आतली चाकंही घेऊन गेली. तेव्हापासून साडू या खोलीतून त्या खोलीत नुसते येरझारा घालत होते.

"आजच्या लिलावात मिळालं तर मिळालं," ताईंनी सांगून टाकलं. "नाहीतर त्या जागी फुलदाणी बसेल. आणि एकदा बसली की उठणार नाही."

फुलदाणी आम्हीच दिलेली. तिच्यावर दोन हंस आहेत, त्यातला एक आजारी दिसतो. आम्हालाही ती कोणीतरी दिली होती, म्हणून तर आम्ही ती पुढे दिली. ती पुन्हा डोळ्यांसमोर यायला नको, तर साडूंबरोबर लिलावाला जाणं मला भागच होतं.

लिलावाआधी तासभर वस्तू बघायला ठेवतात. लांबलचक टेबलावर पाच-सहा घड्याळं होती. साडू थेट एका काळ्या संगमरवरी घड्याळापाशी गेले आणि त्याला कान लावून उभे राहिले, डॉक्टर पेशंटला लावतात तसे.

"ऐका. टिक आणि टक यांच्यात तसूभर फरक नाही. दोन्ही पावलं सारखी पडतायत." मग त्यांनी मागे पाहिलं. "मेलो! मफलर आलाय."

मफलर म्हणजे त्यांचा लिलावातला जुना वैरी. उन्हाळ्यातही गळ्यात मफलर. दोघं वर्षानुवर्षं एकमेकांवर बोली चढवत आले होते, पण बोलणं म्हणून कधी झालं नव्हतं.

"जरा इकडे उभे राहा," साडू म्हणाले. "असं नाही हो, जाड उभे राहा."

मी जमेल तितका जाड उभा राहिलो. त्यांनी पाकिटातून वाचनालयाचं जुनं कार्ड काढलं, दुमडलं आणि घड्याळाच्या डाव्या पायाखाली सरकवलं.

"अहो, हे काय?"

"लंबकाच्या घड्याळाला तिरकं उभं राहणं सोसत नाही. थोडा वेळ लंगडतं, मग थांबतं. बंद घड्याळावर बोली कोण लावतो?"

"पण ही फसवणूक झाली."

"घड्याळाला मी काय केलंय? लोक आपली काय समजूत करून घेतात, तो त्यांचा खासगी प्रश्न."

मफलर जवळ येत होता, म्हणून लंबक थांबायची वाट न बघता आम्ही खुर्च्यांकडे सटकलो.

बऱ्याच वेळानं त्या घड्याळाची पाळी आली. पुकारणारा गृहस्थ हातोडी ठेवून टेबलापाशी गेला आणि त्यानं ओठांवर बोट ठेवलं. हॉल गप्प झाला. त्या शांततेत घड्याळ ठणठणीत चालत होतं. टिक, टक. टिक, टक.

"चालतंय," साडू म्हणाले. आवाज असा, की घरात चोर शिरलाय. पुढच्या रांगेत मफलरही अर्धा उठला होता.

"मंडळी, नुसतं ऐका!" पुकारणारा म्हणाला. "आहे का कुठे अशी चाल?"

मंडळींनी ऐकलं, आणि मग सुटलीच. साडूंनी बोलीची पाटी वर केली, मफलरनं केली, आणि अगदी मागून एका बाईंनीही केली. ताईंनी घालून दिलेली खर्चाची मर्यादा चुटकीसरशी मागे पडली. साडूंनी माझ्याकडे पाहिलं. मला आजारी हंस आठवला आणि मी स्वतःचं पाकीट त्यांच्या हवाली केलं. तेही पुरलं नाही. मफलरनं मान खाली घातली. हातोडी पडली ती बाईंच्या नावावर. बाई दातांच्या डॉक्टर होत्या. दवाखान्यातल्या भिंतीवर काहीतरी हवं होतं म्हणे.

हमालानं घड्याळ उचललं तशी खाली दोन कार्डं पडली. डाव्या पायाखालचं वाचनालयाचं. उजव्या पायाखालचं कुठल्याशा टेलरचं, तेही तसंच नीट दुमडलेलं. एकानं तिरकं केलेलं घड्याळ दुसऱ्यानं सरळ केलं होतं.

"हे काय पडलं?" बाईंनी विचारलं.

"कचरा," साडू आणि मफलर एका सुरात म्हणाले.

फुलदाणी बसली. साडू मात्र बसेनात. आठवडाभरात त्यांची दाढ दुखायला लागली. कोणती, ते रोज बदलत होतं. शेवटी मला घेऊन ते त्या दवाखान्यात गेले.

बाहेरच्या बाकावर मफलर बसला होता. मफलर आज गालाभोवती होता.

समोर भिंतीवरच्या काचेच्या फळीवर घड्याळ होतं, आणि ते लंगडत होतं. टिक-टक... टिक-टक... फळी उजवीकडे कललेली. साडूंचा गुडघा सुरू झाला. मफलरचाही होता. बाक एकच असल्यामुळे माझाही झाला.

"बंद पडेल हो," मफलर हलकेच म्हणाला.

"संध्याकाळपर्यंत," साडू म्हणाले. "कार्ड आहे?"

"टेलरचं आहे."

"चालेल. तुम्ही उचला, मी सरकवतो."

दोघं उठले. मी, कोणी न सांगता, जाड उभा राहिलो. घड्याळ जरासं वर झालं, खाली आलं. टिक, टक. टिक, टक. दोघं परत येऊन बाकावर टेकले आणि साडूंनी चक्क डोळे मिटले.

"पुढचा पेशंट?" आतून बाईंचा आवाज आला.

"तुम्ही व्हा पुढे," साडू डोळे न उघडता म्हणाले.

"छे हो, मला कसली घाई?" मफलर म्हणाला.

बाई पुन्हा ओरडल्या. कोणीतरी जायलाच हवं होतं, म्हणून मी गेलो. मला दोन दाढा भरून घ्याव्या लागल्या.