मिरचीचा खरा रंग

"आजपर्यंत या मुलखानं धर्माबादची मिरची टीव्हीवर काळीच बघितली. आज साडेसहाला तिचा खरा रंग जगाला कळंल," अण्णारावांनी किराणा दुकानाच्या पत्र्यावर उभं राहून, अँटेनाचा दांडा दोन्ही हातांत धरून, सगळ्या आळीला ऐकवलं.

"पडद्यावर मुंग्याच हायत अजून," खालून दुकानदार गुरुबसप्पाचा आवाज आला. "जरा निजामाबादकडं फिरव."

जगाचे डोळे उघडायला निघालेला माणूस निमूटपणे निजामाबादकडं फिरला.

तीन आठवड्यांमागं शेतीच्या कार्यक्रमाची माणसं कॅमेरा घेऊन त्यांच्या खळ्यावर आली होती. चित्रण रंगीत आहे म्हटल्यावर अण्णाराव फेटा बदलायला घरात गेले. अबोली बांधावा की पोपटी, यात अर्धा तास गेला. तोवर पाहुणे नुसता उजेड तपासत होते, असं खळ्यावर मिरच्या वरखाली करणाऱ्या सिंधूनं, म्हणजे त्यांच्या बायकोनं, नंतर सांगितलं. बाहेर येऊन मात्र अण्णारावांनी पंचवीस मिनिटं भाषण ठोकलं. मिरचीच्या बाबतीत चार गावं त्यांचा सल्ला घ्यायची. आता तो सल्ला टीव्हीच्या मनोऱ्यावरून जाणार होता. हिमायतनगरच्या बहिणीला पत्र गेलं, धर्माबादच्या अडतीत तर त्यांनी प्रत्येकाला दोनदा सांगितलं. आज नाक कापलं गेलं, तर ते चार गावांत मिळून कापलं जाणार होतं.

सहा वाजेस्तोवर दुकानापुढं पाय ठेवायला जागा राहिली नाही. पहिली खुर्ची अण्णारावांची. बायका मागं, तांदळाच्या पोत्यांपाशी. आठ दिवसांपूर्वीच आलेल्या दुकानातल्या रंगीत टीव्हीचं रंगाचं बटण गुरुबसप्पानं शेवटपर्यंत फिरवून ठेवलं होतं.

"जरा कमी कर की," साहेबराव मास्तर म्हणाले. "डोळे दुखून राहिले."

"रंगीत घेतलाय मास्तर. कमी केला तर लोकांना वाटंल जुनाच हाय."

त्यामुळं बाहुल्यांच्या खेळातला राजा शेंदूर फासल्यासारखा दिसला. दातांची निगा सांगणारे डॉक्टर हिरड्यांसकट एकाच रंगात निघाले. मग एक बाई नाचली. ती वळली की तिचा रंग मागं राहायचा आणि दमादमानं येऊन तिला गाठायचा. लोकांना सगळंच आवडत होतं. दातांच्या डॉक्टरांनासुद्धा टाळ्या पडल्या.

हरवलेल्या माणसांचे फोटो सुरू झाले तशी आळी गंभीर झाली.

"अण्णा, नीट बघत राहा," मास्तर हळूच म्हणाले. "तुला नेमकं कोणत्या कार्यक्रमात दाखवणार, ते पक्कं विचारलं होतंस ना?"

अण्णाराव हसले नाहीत. त्यांनी कार्यक्रमवाल्यांकडून आलेलं पोस्टकार्ड खिशातून काढलं, तारीख तिसऱ्यांदा वाचली आणि ठेवून दिलं. एवढ्यात चित्र गेलं आणि 'व्यत्यय' अशी पाटी आली. ती पाटी चार मिनिटं राहिली. त्या चार मिनिटांत अण्णारावांनी धोतराचा सोगा सात वेळा सारखा केला.

चित्र परत आलं तेव्हा निवेदिका बोलतच होती, "...नांदेड जिल्ह्यातले प्रगतिशील शेतकरी अण्णाराव..."

आडनावापर्यंत ती पोचायच्या आत अण्णाराव खुर्चीतून उठले होते. शिट्ट्या झाल्या. आणि पडदा काठोकाठ लाल झाला. खळं नाही, मिरची नाही, माणूस नाही, नुसतं लाल.

"आता तरी कमी कर बाबा," अण्णाराव काकुळतीला येऊन म्हणाले.

गुरुबसप्पानं मन घट्ट करून बटण फिरवलं. लाल ओसरू लागलं. आधी मिरचीची रास दिसली, मग विटक्या हिरव्या लुगड्याचा पदर, मग त्या पदरानं घाम पुसणारा चेहरा. सिंधू.

ती कॅमेऱ्याकडं बघतही नव्हती. हात रास वरखाली करत होते आणि ती बोलत होती. "देठासकट वाळवायची. देठ तुटला की आत ओल शिरती. आन् बी पहिल्या तोड्याचं न्हाई धरायचं, दुसऱ्याचं धरायचं."

"अण्णा," साहेबराव मास्तर म्हणाले. या खेपेला त्यांच्या बोलण्यात चेष्टा नव्हती. "हे तर तू सांगत असतोस."

"हाव," अण्णाराव मान हलवून म्हणाले.

पडद्यावर, दूर घराच्या दारात, पोपटी काहीतरी हललं आणि पुन्हा आत गेलं.

"हे सगळं तुम्हाला कुणी शिकवलं?" कार्यक्रमातल्या माणसानं विचारलं.

पडद्यावरची सिंधू हसली. "शिकवतंय कोण. वीस वर्षं हेच करून राहिले."

टाळ्या पडल्या नाहीत. दुकानापुढची सगळी डोकी एकेक करून मागं, तांदळाच्या पोत्यांकडं वळली. अण्णारावांचं सगळ्यांत शेवटी वळलं. पण सिंधू त्यांच्याकडं बघत नव्हती, कुणाकडंच बघत नव्हती. टाचा उंचावून, मान एका बाजूला काढून ती पडदा गाठायला बघत होती.

"अहो," ती म्हणाली, "जरा खाली बसता का? मला दिसून न्हाई राहिलं."